आधी आजची रात्र: ट्रॉमा आणि व्यसन दोन्ही असलेल्यांचा ग्रुप नेमका कसा चालतो

माझी मामेबहीण साताऱ्याला असते, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मी ताई म्हणते तिला. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा झालेले, म्हणजे माझ्याकडे दुपारचा एक, मी डबा उघडून बसलेले. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "अगं ऐक ना, यांना ग्रुप थेरपीला घाला म्हणतायत. पण तिथं गोल करून बसायचं आणि सगळ्यांसमोर आपलं सगळं सांगायचं असतं ना? हे नाही सांगायचे गं कुणाला. मलाच कधी नाही सांगितलं."

मी बॉस्टनजवळ एका क्लिनिकमध्ये सोशल वर्कर आहे आणि बरीच वर्षं आठवड्यातून दोनदा असाच ग्रुप घेते, ज्यांच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडून गेलंय आणि ज्यांना दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसनही आहे अशा लोकांचा. तरी माझ्या सख्ख्या नात्यात हा प्रश्न आला तेव्हा लक्षात आलं की आपल्या भाषेत हे कुणी नीट सांगितलेलंच नाही आणि मीही नाही. म्हणून लिहितेय. ताई आणि दाजी दोघांना विचारलंय, काही तपशील बदललेत. माझ्या ग्रुपमधल्या कुणाचीही गोष्ट मात्र इथे येणार नाही, ती माझ्याकडे विश्वासाने ठेवलेली आहे, मी तुम्हाला फक्त ती खोली दाखवते.

आधी दाजींचं सांगते. बावीस वर्षं ट्रक चालवला माणसाने. तीन वर्षांपूर्वी घाटात उतारावर अपघात झाला, शेजारी बसलेला क्लीनर पोरगा जागेवर गेला, एकोणीस वर्षांचा. दाजींना खरचटलं फक्त. त्याआधी लग्नाकार्यात घ्यायचे तेवढंच, नंतर रोज रात्री क्वार्टर, मग क्वार्टरच्या दोन. मोठा हॉर्न वाजला की हातातला कप पडतो, घाट लागला की घाम फुटतो, रात्री दोन-तीनला ओरडत उठतात. घरातल्यांचं मत असं की पिऊन पिऊन डोकं फिरलंय, दारू सुटली की होईल सगळं सरळ. आणि जिथे नेलं तिथेही हेच सांगितलं, आधी सहा महिने पिऊ नका, मग ते अपघाताचं बघू.

इथेच गाडी अडते, जवळपास सगळ्यांची.

कारण दाजींची दारू एक काम करत होती. वाईट करत होती, महागात पडत होती, पण करत होती. ती त्या रात्रीची आठवण थोडा वेळ बंद करायची. एडवर्ड खँट्झियन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये हा विचार मांडला, की बरीच माणसं मजेसाठी व्यसनात अडकत नाहीत, सहन न होणारं काहीतरी स्वतःच दाबायला बघत असतात, म्हणजे स्वतःच स्वतःला औषध देत असतात. सगळ्यांच्या बाबतीत हे लागू पडत नाही, व्यसनाला इतरही कारणं असतात, पण ज्यांच्यामागे ट्रॉमा आहे त्यांना हे वाक्य ऐकवलं की बहुतेकांची मान आपोआप हलते.

आता ट्रॉमा म्हणजे नक्की काय. नुसतं दुःख म्हणजे ट्रॉमा नव्हे. जीव जाईल असं वाटलं, कुणाचा जाताना बघितला, शरीरावर अत्याचार झाला, लहानपणी घरातच मारहाण रोज बघितली, अशा वेळी मेंदूतली धोक्याची घंटा वाजते आणि काही जणांच्या बाबतीत ती नंतर बंदच होत नाही. प्रसंग संपून वर्षं उलटतात पण शरीराला ते कळलेलं नसतं. डिझेलचा वास, विशिष्ट आवाज, पाऊस, कुणाचा तरी मागून खांद्यावर पडलेला हात, एवढ्यावर ते शरीर पुन्हा त्याच मिनिटात जाऊन उभं राहतं. ट्रॉमानंतर मागे राहणाऱ्या या आजाराला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणतात. हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे त्याला जोर मिळाला, त्यामुळे कित्येकांना अजून वाटतं की हा सैनिकांचा आजार आहे. तो ट्रक ड्रायव्हरचा असतो, सासरी मार खाल्लेल्या बाईचा असतो, होस्टेलमध्ये जे झालं ते आजवर कुणाला न सांगितलेल्या मुलाचा असतो.

आणि दारू तिथे काय करते ते जरा सावकाश बघू, कारण सगळं गणित इथेच आहे. दारू मेंदूला मंद करते, घंटेचा आवाज कमी होतो, झोप लवकर लागते. पण ती झोप खरी नसते. पहिल्या अर्ध्या रात्रीत दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, आणि अंगातून उतरायला लागली की दाबलेलं सगळं उसळून वर येतं, म्हणून तीन वाजता घामाने भिजून जाग येते आणि स्वप्नं आणखी वाईट पडतात. शिवाय रोज मंद करणारी वस्तू मिळते म्हटल्यावर मेंदू स्वतःहून जास्त ताणलेला राहायला शिकतो, मग दारू नसेल तेव्हा हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, झोप नाही, दचकणं. आता ही यादी पुन्हा वाचा. ही दारू उतरतानाची लक्षणं आहेत आणि जवळजवळ हीच ट्रॉमाचीही. दाजी सकाळी सहाला दचकून उठतात तेव्हा त्यातलं किती घाटातलं आणि किती कालच्या क्वार्टरचं हे त्यांना कळत नाही आणि डॉक्टरलाही पटकन कळत नाही. दोन्ही एकमेकांत वळलेल्या सुंभासारखे झालेले असतात. एकच धागा ओढायला गेलात तर गाठ घट्ट होते.

हे किती जणांचं असतं? अमेरिकेत सॅन डिएगोला कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत सतरा हजारांहून जास्त माणसांना लहानपणच्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं होतं, घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात कुणी व्यसनी, कुणी तुरुंगात वगैरे. १९९८ मध्ये त्याचा पहिला मोठा पेपर आला. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असलं काहीही न घडलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्व्हेत देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे असं निघालं. त्या पावणेसहा कोटींना "तुमच्या आयुष्यात काय घडलं" हे कितीदा विचारलं जातं? मला वाटतं "का पितोस" हे रोज विचारलं जातं, पण ते ओरडून.

आता ग्रुप. बऱ्याच पद्धती आहेत, मी जी वापरते आणि जी जगात बऱ्याच ठिकाणी चालते तिचं नाव सीकिंग सेफ्टी, म्हणजे सुरक्षिततेच्या शोधात म्हणू या. लिसा नाजावित्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात ती बॉस्टनच्या भागातच तयार केली आणि २००२ मध्ये तिचं मॅन्युअल निघालं. त्या काळी दोन वेगवेगळी दारं होती, व्यसनमुक्तीवाले म्हणायचे आधी मन ठीक करून या, मनाचे डॉक्टर म्हणायचे आधी दारू सोडून या, आणि माणूस मधल्या कॉरिडॉरमध्ये उभा. नाजावित्स यांनी दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच माणसाने बघायचं असं ठरवलं. पूर्ण सोबर असाल तरच या ही अटही काढून टाकली.

पण ताईच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या निर्णयात आहे. या ग्रुपमध्ये काय घडलं होतं त्याची गोष्ट सांगायची नसते. हो, नसते. हेडलाइन सांगायची, आतली बातमी नाही. "माझा अपघात झाला होता, त्यात एकजण गेला" एवढं चालतं, तेही वाटलं तर. कुठल्या वळणावर, काय दिसलं, काय आवाज आला, यात कुणी शिरायला लागलं तर ग्रुप घेणारी व्यक्ती हळूच थांबवते. मी थांबवते. पहिल्यांदा थांबवलं तेव्हा मलाच अपराधी वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी कुणीतरी तोंड उघडलंय आणि मी थांबवतेय. पण विचार करा, दहा जण बसलेत, सगळ्यांच्या आत तसंच काहीतरी आहे, एकाने रक्तमांसाचा तपशील सांगितला की बाकी नऊ जणांच्या घंटा वाजतात, आणि सांगणारासुद्धा उसवलेल्या अवस्थेत बाहेर पडतो आणि बाहेर संध्याकाळचे सात वाजलेत आणि कोपऱ्यावर दुकान उघडं आहे. त्या रात्री तो काय करेल?

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांनी ट्रॉमातून बरं होण्याचे तीन टप्पे सांगितलेत, आधी सुरक्षितता, मग आठवणींकडे वळून बघणं आणि त्यांचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत आणि जगण्यात मिसळणं. सीकिंग सेफ्टी मुद्दाम पहिल्याच टप्प्यावर थांबते. आजची रात्र नीट पार पडणं हा विषय. आपल्याकडे कसं आहे, "एकदा मन मोकळं कर, रडून घे, हलकं वाटेल" ही आपली ठरलेली समजूत, आणि रोजच्या दुःखाला ती बरोबरही आहे. पण ज्याच्या पायाखाली जमीनच नाही त्याला आधी उभं राहायला जागा लागते.

आता खोलीत या. खुर्च्या गोल असतात, पण मी दाराजवळची एक आणि भिंतीला पाठ लागेल अशा दोन मुद्दाम ठेवते, कारण काहींना पाठीमागे मोकळी जागा असली की बसवत नाही आणि काहींना बाहेर जायचा रस्ता डोळ्यांसमोर हवा असतो. दार लावलेलं पण कडी नाही. कुणी उठून गेलं तर चालतं, दोन मिनिटं बाहेर उभं राहून आलं तरी चालतं. कुणी पिऊन आलं असेल तर त्या दिवशी ग्रुपमध्ये बसवत नाही, पण हाकलतही नाही, बाजूला बसून बोलतो, घरी नीट कसं जाणार ते ठरवतो आणि पुढच्या वेळी ये असं सांगतो. इथे ऐकलेलं इथेच राहील ही पहिली अट आणि ती दर वेळी मोठ्याने म्हणतो.

सुरुवातीला प्रत्येकाला तेच पाच प्रश्न. गेल्या वेळेपासून कसं वाटतंय. कुठली एक गोष्ट चांगली निभावलीत. काही घेतलंत का किंवा स्वतःला धोक्यात घालणारं दुसरं काही केलंत का. मागच्या वेळी जे ठरवलं होतं ते झालं का. आणि बाहेरची जी मदत शोधायची होती, डॉक्टर, वकील, राहायची जागा, काम, त्याचं काय झालं. माणशी फार तर पाच मिनिटं. तिसऱ्या प्रश्नाला "हो, घेतली, शनिवारी" असं उत्तर येतं तेव्हा खोलीत कुणी च्यक् करत नाही, हे नवीन माणसाला दिसतं आणि त्याचे खांदे जरा खाली येतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. घरी याच वाक्यावर ताट फेकलेलं असतं. दुसरा प्रश्नही साधा नाही हं. "काय चांगलं निभावलंत" म्हटल्यावर बरेच जण पहिले दोन-तीन आठवडे "काहीच नाही" म्हणतात, मग कधीतरी कुणी म्हणतं "भावाचा फोन आला, चिडलो, पण फोन ठेवला आणि बाहेर चालून आलो." मोठीच गोष्ट आहे ती.

मग एक छोटा उतारा वाचायचा, मग त्या दिवसाचा विषय. एकूण पंचवीस विषय आहेत आणि कुठल्याही क्रमाने घेता येतात, मध्येच आलेल्या माणसाचंही अडत नाही. मदत मागणं हा एक विषय. प्रामाणिकपणा. राग. नात्यात मर्यादा आखणं, म्हणजे नाही म्हणायला शिकणं. स्वतःची काळजी घेणं, यात दाताच्या डॉक्टरकडे जाणंही येतं. धोक्याच्या आणि सावरण्याच्या खुणा ओळखणं, लाल झेंडे आणि हिरवे झेंडे, जेवण टाळायला लागलो, फोन उचलेनासा झालो, पिण्याच्या जुन्या ग्रुपातल्या मित्राला सहज मेसेज केला, हे सगळं पेला हातात यायच्या कितीतरी दिवस आधी घडत असतं. शेवटी प्रत्येकाने आज काय मिळालं ते एक वाक्यात सांगायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत काय करणार ते ठरवायचं. ठरवलेली गोष्ट एवढी लहान हवी की होऊन जाईल. "दारू सोडणार" असं चालत नाही. "बुधवारी पगार झाला की पैसे बायकोच्या खात्यात टाकून मगच बाहेर पडणार" असं चालतं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा विषय विचाराल तर ग्राउंडिंग. मराठीत जमिनीवर येणं म्हणू, कारण तसंच असतं ते. आठवण उसळली की माणूस त्या वेळेत ओढला जातो, त्याला आत्ताच्या वेळेत परत आणायचं. कसं, तर बाहेरच्या वस्तूंना धरून. डोळे उघडे ठेवायचे, हे महत्त्वाचं, ध्यानासारखे मिटायचे नाहीत, मिटले तर आतलंच दिसतं. पाय जमिनीवर घट्ट दाबायचे, टाचा जास्त. खोलीतल्या पाच वस्तू नाव घेऊन बघायच्या, पंखा, कॅलेंडर, निळी बादली. कॅलेंडरवरची आजची तारीख मोठ्याने वाचायची. थंड पाण्याखाली मनगट धरायचं. गावांची नावं आठवायची. माझ्याकडे एका टोपलीत खडबडीत दगड ठेवलेत, ज्याला लागेल त्याने उचलून मुठीत दाबावा, आणि तास संपल्यावर काही दगड खिशातून घरी जातात, मी पुन्हा आणून ठेवते.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं, मला माहितेय. पण दारू जे काम करत होती, ती घंटा थोडी खाली आणायचं, तेच काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं ना. नुसती दारू काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही तर माणूस किती रात्री जागा राहील? ग्राउंडिंगने आठवण जात नाही. दहाची तीव्रता सहावर येते, आणि सहावर असताना माणूस विचार करू शकतो, फोन करू शकतो, दुकानाच्या दिशेने निघालेला पाय थांबवू शकतो.

मग हे एकट्याला शिकवलं तर चालणार नाही का, ग्रुपच कशाला? चालतं, हाच कार्यक्रम एकट्यासाठीही वापरतात. पण ट्रॉमा आणि व्यसन या दोन्हींच्या मुळाशी जी लाज असते ती एकट्याने जात नाही. "माझ्यासारखा नालायक मीच" हे दाजींना तीन वर्षं वाटत होतं, की गाडी आपण चालवत होतो, पोरगा गेला, आपण उरलो, आणि वर दारूडे झालो. हे तुम्ही कितीही समजावा, समुपदेशक समजावो, ते म्हणणार तुम्ही बोलायचं म्हणून बोलता. समोरच्या खुर्चीतला माणूस, ज्याला कुणी पगार देत नाही, तो म्हणाला "मलाही तीन वाजताच जाग येते" की ते आत जातं. आणि आणखी एक, दुसऱ्याला सांगताना माणूस स्वतः ऐकतो. स्वतःला शिव्या घालणारा माणूस शेजारच्याला म्हणतो "तुमचा काय दोष त्यात", आणि मग गप्प होतो.

आता याचा उपयोग खरंच होतो का, ते सरळ सांगते, आशा जास्त लावायला मला आवडत नाही. अमेरिकेत सात केंद्रांवर ३५३ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना सीकिंग सेफ्टीचा ग्रुप, अर्ध्यांना बायकांच्या आरोग्याची माहिती देणारा ग्रुप. ट्रॉमाची लक्षणं दोन्हींकडे चांगली कमी झाली आणि दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे पद्धत जादूची नाही. काही जण याचा अर्थ ती बिनकामाची असा लावतात, मी तसा लावत नाही, मला त्यात असं दिसतं की नियमित वेळ, त्याच खुर्च्या, तेच चेहरे, कुणीतरी वाट बघतंय ही भावना, यातच बरंचसं औषध आहे. त्याच अभ्यासातलं दुसरं विश्लेषण पुढच्या वर्षी आलं आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं: ज्यांची ट्रॉमाची लक्षणं कमी झाली त्यांचं व्यसन पुढे कमी होताना दिसलं, पण उलट्या बाजूने, व्यसन कमी झालं म्हणून ट्रॉमा आपोआप कमी झाला, असं फारसं दिसलं नाही. दाजींना "आधी सहा महिने पिऊ नका" सांगणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आणि आठवणींना कधीच हात लावायचा नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियात १०३ लोकांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात व्यसन चालू असतानाच, प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर एकेकट्याने, त्या आठवणींवर हळूहळू काम केलं. ट्रॉमाची लक्षणं उतरली आणि सगळ्यांना जी भीती होती, की दारू-ड्रग्ज वाढतील, तसं झालं नाही. म्हणजे ज्याला ते करायचंय त्याला ती वाट आहे, फक्त ती एका थेरपिस्टबरोबर, बंद खोलीत. माझ्या बघण्यात ग्रुपमध्ये पाय स्थिर झालेली माणसं ती वाट जास्त धीराने चालतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. कुणीतरी देवाची शपथ घालतं, कुणी माळ घालतं, कुणी खोलीत कोंडतं, आणि दोन-तीन दिवसांत फिट येते किंवा माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं, यात जीव जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम थांबवायच्या नाहीत. आधी डॉक्टर, औषधांच्या आधाराने शरीरातून उतरवणं, आणि मग खुर्ची. ग्रुप म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, दोन्ही बरोबर चालतात.

आपल्याकडे काय आहे? व्यसनमुक्तीत ग्रुपची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेलं, तेव्हा ब्राउन शुगर नावाच्या ड्रगने पोरं जात होती. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आजारी माणूस समजून जवळ घ्यायचं ही गोष्ट मराठी घरांपर्यंत पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दुसरं म्हणजे एए, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ ला अमेरिकेतल्या अॅक्रन गावी सुरू झालेली, आपल्याकडे मराठीतून मिटिंगा होतात, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, "फक्त आजचा दिवस" हे त्यांचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पण एए आणि थेरपी ग्रुप यात फरक आहे. तिथे थेरपिस्ट नसतो, सगळे त्याच वाटेवरचे, आणि आपली कहाणी सांगणं हा तिथला गाभा आहे. ट्रॉमा असलेल्या माणसाने जरूर जावं, फक्त तिथे नुसतं ऐकत बसलं तरी चालतं हे माहीत असू द्यावं. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, पिणाऱ्याने यायला नकार दिला तरी बायको किंवा आई एकटी जाऊ शकते. आणि कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारचे दोन फुकट नंबर आहेत, मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६.

केंद्र निवडताना काय विचारायचं ते ताईला मी लिहून दिलं होतं, इथेही देते. डॉक्टर रोज येतो का. झोप, स्वप्नं, जुने प्रसंग याबद्दल सुरुवातीलाच विचारता का. ग्रुपमध्ये बोलायची सक्ती आहे का. बायकांसाठी वेगळा ग्रुप आहे का, कारण जिच्यावर पुरुषाने अत्याचार केलाय तिला दहा पुरुषांच्या गोलात बसवून काय साधणार. आणि शेवटचा प्रश्न, रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेता का, बांधता का, मारता का. असं करणाऱ्या जागा आहेत, घरचे लोक अगदी हताश होऊन पैसे भरतात आणि मला त्यांचा राग येत नाही, पण ज्याच्या शरीराला आधीच कोंडल्याची भीती आहे त्याला पुन्हा कोंडणं म्हणजे दुसरा ट्रॉमा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजारही येतात आणि साखळीने बांधायला त्यात स्पष्ट मनाई आहे. या प्रश्नावर समोरचा हसला किंवा "तेवढं करावंच लागतं" म्हणाला तर उठून या.

दाजींचं पुढे असं झालं. आधी आठ दिवस दवाखान्यात काढले, औषधं चालू झाली. मग ताईने विचारत विचारत साताऱ्यातच एक समुपदेशक बाई शोधल्या, त्यांच्याकडे गुरुवारी संध्याकाळी सहा-सात जण बसतात. सीकिंग सेफ्टी असं नाव नाही त्याला, पण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जुनं काही सांगू नका, या आठवड्यात कसं निभावलंत तेवढं बोला. दाजी दाराजवळ बसले. पहिले तीन गुरुवार नाव सांगून गप्प. चौथ्या गुरुवारी म्हणाले, "घाटात गाडी लावून पुढच्या ट्रकांचे नंबर वाचत बसलो. एमएच अकरा, एमएच बारा, एमएच झिरो नाइन. अर्ध्या तासाने हात थांबले, मग उतरलो."

ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पाच वस्तू बघायच्या एवढंच शिकवलं होतं, नंबरप्लेट त्यांनी स्वतः शोधली. मधे दोनदा प्यायलेत, दोन्ही वेळा गुरुवारी जाऊन सांगितलंय. या आठवड्यात त्यांनी ठरवलंय की घरी येताना स्टँडकडून न येता पोवई नाक्यावरून यायचं, लांब पडतं पण वाटेत ते दुकान नाही. ताई म्हणते रिक्षाने या ना, तर म्हणतात नको, चालतच येतो, चाललं की झोप लागते.